वस्तू हजर

रजेच्या अर्जात माणसं काय काय लिहितात ते मला विचारा. बोईसरच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होतो. ज्यांना लिहिता येत नसे, किंवा साहेबाला पटेल असं लिहिता येत नसे, त्यांचे अर्ज माझ्या मशीनमधून जायचे. एकाच माणसाची आजी मी तीन वेळा वारलेली टाईप केली आहे आणि तिन्ही वेळा दुखवट्याचा चेहरा केला आहे. पण ‘स्वतःचे लग्न असल्याकारणाने चार दिवसांची रजा मिळावी’ असा अर्ज एका आजोबांसाठी टाईप करायची वेळ एकदाच आली. त्या आजोबांना घरात बायको होती, तीन मुलं होती, दोन नातवंडं होती. त्यांच्या घरातल्या कुणाचीच या लग्नाला हरकत नव्हती. हरकत होती ती फक्त आमच्या साहेबांची, आणि ती पुढे येईलच.

तर हे नवरदेव म्हणजे रुपजीकाका. आमच्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे. आठवडाभर माझ्याच शेजारच्या खोलीत, सरावलीला राहायचे आणि शनिवारी शिफ्ट सुटली की मनोरची एसटी पकडून, तिथून पुढे पायी आपल्या पाड्यावर जायचे. ठेंगणे, काळेसावळे, कानावर पेन्सिल. कधीतरी भट्टीचं दार उघडताना जाळ अंगावर आला होता आणि त्यात भुवया गेल्या, त्या पुन्हा उगवल्याच नाहीत. भुवया नसल्यामुळे काका कायम चकित दिसायचे. ओळख नसलेला माणूस त्यांना साधं ‘किती वाजले’ विचारायलाही बिचकायचा, आपण काही भलतंच विचारलं की काय असं वाटून.

खरं तर त्यांना कशाचंच आश्चर्य वाटायचं नाही, कारण बघितल्याशिवाय ते काही मानायचेच नाहीत. दर तासाला बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेसमोर उकिडवं बसायचं, डोळे पाण्याच्या रेषेला आणायचे, मग आकडा लिहायचा, ही त्यांची सवय अंगात इतकी मुरली होती की चहाचा ग्लाससुद्धा ते आधी डोळ्यांसमोर धरत. मुलगा पास झाल्याचं पोस्टमनने सांगितलं तर ते म्हणाले, “कागद बघू.” नात झाली तेव्हा सगळा पाडा ‘मुलगी, मुलगी’ म्हणत असताना हे आत जाऊन खात्री करून आले आणि मगच हसले.

“डोल्यानी बगल्याबिगर लिवायचा नाय,” ते म्हणायचे. “अंदाजानी लिवला तं बॉयलर फुटतो.”

त्यांच्या लेखी जगातली निम्मी भांडणं अंदाजाने लिहिल्यामुळे होत होती.

आपल्या वारली बोलीचं वेड त्यांना लागलं ते जेवताना. एका रविवारी घरी त्यांनी कसलंतरी भांडं मागितलं. घरात सात माणसं. मुलगा बोईसरला कामाला, तो हिंदी आणि मराठीची मिसळ बोलायचा. सुना मनोरच्या बाजारातलं बोलायच्या. काका काय मागतायत ते कुणालाच कळेना. शेवटी चुलीपासून बुधीकाकी उठली आणि तिने ते भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. काका जेवले नाहीत म्हणे. भांड्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी सरावलीला येऊन मला म्हणाले, “सात मानसात दोगांना म्हायती. पाणी लय खाली गेलाय, टायपिंगवाले.”

त्या भांड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते भांडं आत्ता माझ्यापाशी नाही आणि काकांचा नियम मोडायची माझी छाती नाही. नियम कोणता ते सांगतो.

आमच्या कारखान्यात बॉयलरचे आकडे भरायच्या लॉगशीटचा नमुना बदलला आणि जुन्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा रद्दीत निघाला. काकांनी तो मागून घेतला. रीतसर गेटपास करून घेतला आणि तो गेटपास घरी भिंतीवर लावला. त्या कागदांवर ते आपल्या बोलीचा कोश करणार होते. कागदावर रकाने छापलेलेच होते: वेळ, दाब, पाणी, शेरा, सही. काका एकही रकाना मोकळा सोडणारे नव्हते. ‘वेळ’ म्हणजे शब्द सभेत आला ती वेळ. ‘दाब’ म्हणजे त्या शब्दावरून किती भांडण झालं, दहापैकी. आणि ‘पाणी’ म्हणजे हजर असलेल्यांपैकी किती जणांना तो शब्द आधीपासून ठाऊक होता. शेऱ्यात लिहायचं, ‘वस्तू हजर’. वस्तू डोळ्यांसमोर आणल्याशिवाय शब्द नोंदवायचा नाही. हा नियम.

लिहायला त्यांनी मला नेलं. मला त्या बोलीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. “म्हनून तं तुमाला घेतला,” काका म्हणाले. “ज्याला येतंय तो सोताच्या मनाचा लिवतो. तुमी ऐकाल तसा लिवाल.” माझ्या अज्ञानाचा असा सन्मान त्याआधी कुणी केला नव्हता, त्यानंतरही नाही.

दर रविवारी काकांच्या अंगणात सभा भरायची. पंधरावीस माणसं, बायाही. मुंबईच्या कॉलेजातल्या एक प्राध्यापक बाई अधूनमधून यायच्या. त्या आल्या होत्या स्वतः शब्द गोळा करायला, पण काकांची लॉगशीटं बघून त्यांनी आपली वही पिशवीत ठेवली. “कोश तुम्हीच करा, मी मदतीला आहे,” म्हणाल्या आणि एक टेपरेकॉर्डर देऊन ठेवला. त्याच सभेत एका जातीच्या चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, शब्द निघाला होता. चिंबोरी हजर केली होती. ती वाटीतून निघाली आणि बाईंच्या पिशवीत त्या वहीवर जाऊन बसली. ती सापडेपर्यंत नोंद अडली. मी शेऱ्यात ‘वस्तू फरार’ असं लिहिलं, तर काकांना ते अजिबात विनोदी वाटलं नाही. त्यांनी खाली सही केली.

सगळ्यात उत्साही सभासद म्हणजे लाडक्या. चाळिशीचा, भात लावणारा, उरलेल्या वेळात वीटभट्टीवर जाणारा गडी. औताला अजून न जुंपलेल्या, पण जुंपायच्या वयाला आलेल्या गोऱ्ह्याला आपल्या बोलीत वेगळा शब्द आहे, असं त्याचं म्हणणं. काका म्हणाले, आण. त्याने आणला. तो गोऱ्हा त्या वयाचा आहे की नाही यावर सभा दोन तास भांडली. कुणी त्याचे दात मोजले, कुणी खांदा दाबला. दाबाच्या रकान्यात मी नऊ लिहिले. तेवढ्यात गोऱ्ह्याने मागल्या रविवारचं लॉगशीट शांतपणे चघळून गिळलं. त्यात एकोणीस शब्द होते. मी म्हटलं, मला बरेचसे आठवतायत, परत लिहून काढतो. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पेन खाली ठेवलं. पुढच्या रविवारी एकोणीसच्या एकोणीस वस्तू परत अंगणात आल्या.

दुपारी रानातून परत येताना लागते त्या भुकेला एक शब्द होता. काकांनी सभेला टेकडीवर नेलं, लाकडं गोळा करायला लावली आणि उपाशी परत आणलं. प्राध्यापक बाई अंगणात आल्या आल्या खाटेवर आडव्या झाल्या. त्यांच्याकडे बोट करून काका मला म्हणाले, “लिवा. वस्तू हजर.”

हसण्यासारखं आहे आणि मी हसायचोही. पण एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागली. ज्या वस्तू राहिल्याच नव्हत्या त्यांचं काय? त्यांच्या शब्दांसाठी त्या नव्याने कराव्या लागायच्या. ओढ्यात लावायचा बांबूचा एक सापळा कुणी पंधरा वर्षांत विणला नव्हता. दोन म्हाताऱ्यांनी तीन रविवार बसून तो विणला, शब्द नोंदवला गेला, आणि आता केलाच आहे तर म्हणून ओढ्यात लावला. त्यात मासे आले. मग पाड्यावर तसे सापळे चार झाले. कागदाच्या रकान्यात ‘पाणी दोन’ लिहिलेला शब्द महिन्याभरात बायका भांडताना वापरायला लागल्या. एक सभा वस्तू मागते म्हणून अख्खा पाडा विसरलेल्या वस्तू करत सुटला होता, आणि काकांना वाटत होतं की आपण फक्त नोंदी ठेवतोय.

मग चैतीआयची पाळी आली आणि सगळं अडलं.

चैतीआय म्हणजे धवलेरी. वारल्यांच्या जुन्या रीतीच्या लग्नात भटजी नसतो. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, होय, काढत नाहीत, लिहितात, आणि धवलेरी त्याच्यापुढे बसून गाणं म्हणते. ते गाणं सकाळपासून दुपारपर्यंत चालतं आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. त्यात देवांची नावं, झाडांची, जनावरांची, घरातल्या एकेका गोष्टीची नावं. ज्या शब्दांसाठी आम्ही दोन वर्षं टेकड्या चढत होतो त्यांतले अर्धे त्या एका गाण्यात होते. आणि ते अख्खं येणारी त्या बाजूला एकटी चैतीआय उरली होती. वयाने वाकलेली, बोलताना दम लागणारी. नवी पोरं मनोरला हॉल घेऊन बँडवर लग्नं लावायची. चैतीआयला कुणी बोलवत नव्हतं.

काका तिच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन गेले. मी बरोबर होतो.

“म्हनून दाखव, आय,” काका म्हणाले.

“लगीन कोनाचा हाय?” तिने विचारलं.

“कोनाचाच नाय. नुसता म्हन. आमाला लिवाचा हाय.”

चैतीआयने डोळे बारीक केले. “तूच सांगतंस ना सगल्यांना, वस्तू आना मंग शबूद लिवतो? मंग आन ना वस्तू. लगीन आन.”

काकांनी टेपरेकॉर्डर उचलला. त्यांचाच नियम होता. ही बाई गेली की गाणं गेलं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. त्या दिवसाच्या लॉगशीटवर त्यांनी एवढंच लिहून घेतलं: पाणी, एक.

जुन्या रीतीने लग्न करायला कोण तयार होणार? दोन पोरांना विचारलं, ते हसले. तिसऱ्या रविवारी सभेत सगळे मान खाली घालून बसले होते, तेव्हा भाकरी थापता थापता बुधीकाकी म्हणाली, “आपला रायलाय ना.”

“काय रायलाय?” काका म्हणाले.

“लगीन.”

तेव्हा मला कळलं. पाड्यावर आधी घर मांडायचं आणि लग्न जमेल तेव्हा लावायचं, अशी रीत होती. कुणी मुलांच्या लग्नाबरोबर आपलं उरकून घेई, कुणाचं राहून जाई. संसारात काही कमी पडत नसे. फक्त एक होतं: लग्न लागल्याशिवाय बाई सुवासिनी होत नाही, आणि सुवासिनी नसेल तिला चौकाला हात लावता येत नाही, धवलेरीजवळ बसता येत नाही. बुधीकाकी तीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात अंगणात बसून भांडी घासत आली होती. आतलं गाणं तिला बाहेरून ऐकू यायचं तेवढंच. हे तिने त्या दिवशी सांगितलं, भाकरीवरची नजर न काढता. मला फार वाईट वाटलं. काकांना माझ्याहून जास्त, कारण ते उठून आत गेले.

अर्ज मग साहेबांपुढे गेला. साहेबांनी काकांची फाईल मागवली.

“यात तुमच्या बायकोचं नाव आहे. बुधी.”

“हा.”

“आणि आता लग्न कोणाशी?”

“बुधीशीच.”

“अहो, मग हे लग्न कसलं?”

“रायलेला,” काका म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टायपरायटरची रिबन तपासायला लागलो. शेवटी साहेबांनी ‘मंजूर’ लिहिलं आणि पुढे कंसात ‘एकदाच’. बॉयलरवर बिहारकडचा एक हेल्पर होता, त्याने काकांना मिठी मारली. “बधाई हो चाचा. बारात में पोते आएँगे ना?”

नातवंडं वरातीत होतीच. नात काकांच्या खांद्यावर बसून होती. लग्नाच्या सकाळी भिंतीवर चौक लिहिला गेला. चैतीआय पुढे बसली, हळद लावलेले काका आणि काकी तिच्या बाजूला. टेपरेकॉर्डर लाडक्याच्या मांडीवर. काकांनी त्याला आठवडाभर शिकवून ठेवलं होतं: इनचार्जने ‘चालू’ म्हटल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. कारखान्यातला पहिला धडा तो. लाडक्याने बटणावर बोट ठेवलं आणि काकांकडे डोळे लावले.

आणि चैतीआयने काकांना बजावलं, “नवऱ्यानी त्वांड उघडाचा नाय. गाना सरंपरेंत.”

गाणं सुरू झालं. लाडक्या बोट ठेवून बसलेला. काका त्याला खुणा करत होते. डोळे मोठे केले, कपाळ वर केलं, खाली केलं. दुसऱ्या कुणाच्या भुवयांनी ते काम झालं असतं. काकांच्या चेहऱ्यावर फक्त नेहमीचं आश्चर्य दिसत होतं, आणि लाडक्याला वाटलं, नवरदेव आहेत, चकित असणारच. मी कोपऱ्यात चौकातल्या चित्रांची नावं टिपत होतो. लाडक्याचं बोट मी पाहिलं होतं आणि मशीन चालू आहे असं धरून चाललो होतो. अंदाजाने.

दुपारी गाणं संपलं. काकांनी तोंड उघडलं. पहिला शब्द निघाला तो ‘चालू!’ लाडक्याने बटण दाबलं. त्या कॅसेटवर आजही माणसं पंगतीला बसल्याचा आवाज आहे.

काका हळदीच्या अंगाने जमिनीवर बसले. लाडक्या रडायला लागला. काकांनी त्याला बोल लावला नाही. मला म्हणाले, “पाणी काचेखाली गेला, टायपिंगवाले.” बॉयलरमध्ये असं झालं की विझवून पळायचं असतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. चैतीआयला दम लागून खोकल्याची उबळ आली होती आणि सुना तिची पाठ चोळत होत्या. मी धीर करून विचारलं, परत एकदा म्हणाल का?

“एकाच बाईचा दोनदा लगीन?” चैतीआय म्हणाली. “मी काय येडी हाय?” मग दम खाऊन म्हणाली, “ज्याचा रायलाय त्याला आना.”

बुधीकाकीने दुसऱ्या दिवशी घरं पालथी घातली. राहिलेली लग्नं अकरा निघाली. पहिला नंबर, अर्थात, लाडक्याचा लागला. शिक्षा म्हणून नव्हे, त्याच्या बायकोनेच काकीचा हात धरला होता म्हणून. या वेळी बटण माझ्याकडे होतं. ते मी दाबलं, फिरतंय का ते डोळ्यांनी बघितलं. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपली, दुसरी अर्ध्या तासात, आणि गाणं जेमतेम झाडांपर्यंत पोचलं होतं. प्राध्यापक बाईंनी आणखी कॅसेट आणल्या तेव्हा सेल संपले. एक लग्न असं गेलं की मशीन ठीक होतं पण कोंबडा टेपजवळ आरवत बसला. आम्ही दर लग्नाला गाण्याचा एकेक तुकडा पकडत होतो, आणि पकडलेला कोणता आणि राहिलेला कोणता यावर दाब दहावर जात होता.

या धांदलीत एक गोष्ट चालली होती तिकडे आमच्यातल्या कुणाचंच लक्ष नव्हतं. बुधीकाकी आता सुवासिनी होती. ती चैतीआयच्या मांडीला मांडी लावून बसायची. लाडक्याच्या लग्नानंतर त्याची बायकोही बसायला लागली. दर लग्नाने एक बाई अंगणातून आत येत होती.

पाचव्या लग्नात चैतीआयचा आवाज मध्येच बसला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. नवरानवरी हळदीत बसलेले, लग्न अर्धं लागलेलं. काकांनी भिंतीला हात टेकला. आणि त्या शांततेत बुधीकाकीने पुढची ओळ उचलली. भाकरी थापताना बोलायची तशीच, खाली बघून. लाडक्याच्या बायकोने तिला साथ दिली. चैतीआयने काठी जमिनीवर आपटली, काकी थांबली, मागे गेली, चुकलेली ओळ परत म्हटली. काठी गप्प राहिली. दुपारपर्यंत लग्न लागलं. कॅसेट त्या दिवशी आम्ही घरीच विसरलो होतो.

पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली. बोईसर सोडायच्या आधी मी पाड्यावर गेलो तो एका लग्नालाच. नववं की दहावं ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. चैतीआय भिंतीला टेकून, काठी मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसली होती. गात नव्हती. चौकासमोर बायका गात होत्या. लग्न झालेल्या होत्या, व्हायच्या होत्या त्याही दारात गर्दी करून बसल्या होत्या, आणि मनोरचं बोलणाऱ्या काकांच्या सुना त्यांत होत्या.

काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते. बॉयलरच्या काचेसमोर बसायचे तसे, डोळे अगदी बायकांच्या ओठांच्या रेषेला आणून. एकेका तोंडाकडे बोट नेऊन मोजायचे, विसरायचे, पुन्हा पहिलीपासून सुरू करायचे. मी लॉगशीट घेऊन शेजारी बसलो. वेळ लिहिली. दाब शून्य लिहिला. भांडण नव्हतंच.

“काका, पाणी किती लिहू?”

त्यांनी आणखी एकदा मोजायचा प्रयत्न केला. मग बोट खाली घेतलं.

“नका लिवू,” म्हणाले. “काच वरपरेंत भरली. भरल्या काचेत आकडा दिसत नाय.”

माझ्या हातातून कागद घेऊन त्यांनी तो मोकळा रकाना तसाच ठेवला आणि खाली सही केली. मी त्यांच्याकडे पाहिलं. तो बिनभुवयांचा चेहरा मी इतकी वर्षं बघत होतो. त्या दिवशी तो खरोखरच चकित झाला होता.